कोठारात राहिलेली सर्कस

विद्यार्थिदशेत एका मित्राकडे व्हिडिओ कॅसेटवर ‘द किड्स आर ऑलराइट’ हा ‘द हू’ या वाद्यवृंदावरील १९७९ सालचा चित्रपट पाहत असता मध्येच सर्कशीच्या रिंगणात चाललेले एक वादन पडद्यावर आले, आणि ते संपताच फीत मागे फिरवून मी ते पुन्हा पाहिले, मग आणखी एकदा पाहिले. पीट टाऊनशेंडचा हात रहाटासारखा गरगरत गिटारीच्या तारांवर उतरत होता, भोवतीचे प्रेक्षक रंगीबेरंगी झगे पांघरून बसले होते, आणि हा तुकडा ज्या चित्रपटातून घेतला होता, तो मूळ चित्रपट मात्र जगापुढे आलेलाच नव्हता. ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘रॉक अँड रोल सर्कस’चा ध्यास मला लागला तो तेव्हापासून.

रॉक संगीताच्या इतिहासात बंद राहिलेल्या डब्यांची वाण नाही. जिमी हेंड्रिक्सच्या १९६९ मधील अल्बर्ट हॉलच्या मैफलीचे चित्रण हक्कांच्या कज्ज्यात रुतून बसले. रॉबर्ट फ्रँकने स्टोन्सच्या १९७२ च्या अमेरिकी दौऱ्यावर केलेल्या चित्रपटाच्या प्रदर्शनावर खुद्द स्टोन्सनीच न्यायालयामार्फत निर्बंध आणले. त्या प्रकरणांत निदान वादी-प्रतिवादी होते. सर्कशीच्या वाट्याला प्रथम आली ती तिच्या यजमानांचीच नापसंती.

११ डिसेंबर १९६८ च्या दुपारी वेंब्लीतील एका स्टुडिओत दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग याने सर्कशीचे रिंगण मांडले, ते नाताळच्या सुमारास दूरचित्रवाणीवर दाखविण्याजोगा कार्यक्रम सिद्ध करावा या हेतूने. झुल्यावरचे कसरतपटू, आग गिळणारा, रिंगमास्टरच्या पोशाखातील मिक जॅगर, जॉन लेनन, एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स आणि मिच मिचेल यांनी त्या एका प्रसंगापुरता जमविलेला ‘डर्टी मॅक’ हा वृंद, अशी ती सामग्री होती. कॅमेऱ्यांची दुखणी आणि प्रत्येक वृंदाच्या मांडामांडीला लागणारा वेळ यांमुळे यजमानांची पाळी आली तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती. त्यांचे शेवटचे गाणे होईतो १२ तारखेची पहाट झाली. दौऱ्यावरून ताज्या दमाने परतलेले ‘द हू’ त्यापूर्वीच रिंगण मारून गेले होते. आपले वादन त्यांच्यापुढे फिके पडले असे जॅगरच्या मनाने घेतले आणि चित्रपट दप्तरी दाखल झाला. पुढे ३ जुलै १९६९ रोजी ब्रायन जोन्स मरण पावला. ज्या वृंदाची स्थापना त्याने केली, त्याच्यासह त्याने प्रेक्षकांपुढे केलेले अखेरचे वादन त्या डब्यांत होते. तरीही ते उघडले गेले नाहीत, हा निर्णय मला आजही अन्यायाचा वाटतो.

डबे वाचले ते इयन स्ट्यूअर्ट या माणसामुळे, आणि या शोधात मला सर्वांत जवळचा वाटला तो हाच. स्कॉटलंडमधील पिटनवीम या गावी १९३८ साली जन्मलेला हा पियानोवादक एका रसायन कंपनीत मालरवानगीची कारकुनी करीत असे. १९६२ मध्ये जोन्सने वृंद उभारण्यासाठी दिलेल्या जाहिरातीला पहिले उत्तर आले ते त्याचे. पुढच्याच वर्षी व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डहॅम याने सहा माणसे फार होतात, आणि याचा चेहरामोहरा इतरांत शोभत नाही, अशी सबब काढून त्याला वृंदातून कमी केले. स्ट्यूअर्टने रागावून घर गाठले नाही. तो गाडी हाकीत राहिला, वाद्ये वाहत राहिला, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी पियानोवर बसत राहिला; मात्र एखाद्या गाण्यात मायनर स्वरसंगती आली की तो हात आखडता घेई, कारण त्या त्याला मनापासून नापसंत होत्या. ‘लेड झेपलिन’ने तर एका गाण्याच्या शीर्षकातच त्याचे नाव गुंफले.

सर्कशीच्या त्या रात्री स्टोन्सच्या साथीला पियानोवर होता निकी हॉपकिन्स. म्हणजे ज्या चित्रपटात आपल्या जागी दुसरा वाजवीत आहे, त्याचे डबे स्टोन्सचे कार्यालय हलविताना अडगळीबरोबर फेकले जाणार असे दिसताच स्ट्यूअर्टने उचलले आणि आपल्या घरच्या कोठारात नेऊन ठेवले. त्याविषयी त्याने गाजावाजा केला नाही. १९८५ साली सत्तेचाळिसाव्या वर्षी तो गेला, तो दिवसही १२ डिसेंबरच होता. त्याच्या पश्चात ते डबे कोठारातून निघाले, आणि १९९६ मध्ये ‘ॲबको’ कंपनीने अखेर ती सर्कस लोकांपुढे आणली.

मी ती पाहिली तेव्हा जॅगरने छातीवर रंगवून घेतलेल्या सैतानाकडे माझे फारसे लक्ष गेले नाही. ‘नो एक्स्पेक्टेशन्स’ सुरू झाले, आणि एरवी त्या रात्री हरवल्यासारखा दिसणारा जोन्स गिटारीवर मान खाली घालून तारांवरून स्लाइड फिरवू लागला. त्या लांबत जाणाऱ्या मिंडेत थकवा आहे, पण बेसूरपणा कोठेही नाही. तिच्या शेजारी, जपून, मधली जागा मोकळी सोडीत, हॉपकिन्सचा पियानो चालला आहे.