टीका आणि स्वयंसेवक

पगारी माणूस वरिष्ठांचा टोमणा गिळतो. घरची चूल पेटवायची असते. स्वयंसेवक मात्र दुसऱ्या दिवसापासून येतच नाही. हा साधा फरक आम्हांला फार उशिरा कळला. आमच्या संघटनेच्या वाचनालयाच्या जमाखर्चातील चूक एका तरुणाने भर सभेत दाखविली. आम्ही हिशेब न पाहता त्याचे वय काढले. त्याने मुकाट्याने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. बेरीज चुकलेलीच होती!

मतभेद असावयाचेच. १९२८ साली मुंबईच्या गिरणी संपात ना. म. जोशी आणि श्रीपाद अमृत डांगे यांचे मार्ग भिन्न होते. तरी दोन्ही पक्षांनी संयुक्त समिती नेमून सुमारे सहा महिने तो लढा चालविला. पण त्याच सुमारास डॉ. आंबेडकरांनी ज्या दुखण्यावर बोट ठेवले, ते अधिक झोंबणारे होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. म्हणून सवर्ण कामगार विटाळ मानीत आणि अस्पृश्यांना विणकाम खात्यात शिरू देत नसत. ही टीका कामगारांवरच होती. 'एकी फोडू नका' हे तिचे उत्तर नव्हे.

आता आम्ही टीका प्रथम इतिवृत्तात लिहितो, टीकाकाराला वाचून दाखवितो, 'हेच म्हणणे ना?' असे विचारतो. उत्तर पुढच्या बैठकीत. पुष्कळशी भांडणे तेवढ्यानेच विरतात. उरतात ती खरी.

त्या तरुणाच्या घरी आम्ही जाऊन चूक कबूल केली. किल्ली काही त्याने घेतली नाही. महिन्याकाठी वही तपासायला तेवढा येतो.