झाकण घट्ट आहे ना?

कुकरला शिट्टी होईना, की आपण काय करतो? नवा कुकर आणायला धावत नाही. आधी झाकण नीट बसलंय का ते बघतो, मग रिंग काढून धुतो, ताणून बघतो. एवढं शहाणपण आपल्याला उपजतच असतं. पण तेच दुखणं मोटारीला झालं, की आपण मुकाट्याने गॅरेजवाल्यापुढे पर्स उघडतो. मी तरी परवापरवापर्यंत तशीच होते.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आठवड्यातले तीन दिवस मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि शनिवारी मराठी शाळेत बाराखडी घेते. ये-जा आमच्या चौदा वर्षांच्या जुन्या गाडीतून. एके दिवशी तिच्या काट्यांशेजारी इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी तर अगदी सुतासारखी चालत होती! ‘चालतेय ना? मग चालव,’ असं ह्यांचं म्हणणं. पण त्याच आठवड्यात नोंदणीच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. इथे जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ पास व्हावं लागतं, आणि तो दिवा जळत असला की गाडी नापास. मग नोंदणी नाही, शाळा नाही, काही नाही.

गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखालच्या खाचेत यंत्र जोडलं. संकेत आला पी ०४५६, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची अगदी लहान गळती. ‘कोळशाचा डबा आणि व्हॉल्व्ह बदलू, नऊशे डॉलर.’ मी विचारलं, गळती कुठे आहे ते दिसलं का? म्हणाला, ‘बहुतेक तिथेच असते.’ बहुतेक! मी मुलांना ‘बहुतेक’वर गुण देत नाही, तर ह्याला नऊशे डॉलर कशी देऊ?

मग मी वाचायला बसले. पेट्रोल नुसतं टाकीत असलं तरी त्याची वाफ होत राहते. ती हवेत गेली की उन्हात तिच्यापासून घातक धुरकं बनतं. लॉस एंजेलिस त्यासाठी बदनामच होतं. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० पासूनच्या गाड्यांना ही वाफ अडवायची सक्ती केली, बाकीच्या अमेरिकेत ती १९७१ पासून आली. वाफ एका डब्यातल्या कोळशात मुरते. इंजिन चालू झालं की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळून टाकतं. दुसऱ्या व्हॉल्व्हमधून डब्यात ताजी हवा येते.

१९९६ पासून गाडी स्वतःची परीक्षा स्वतःच घेऊ लागली. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे आणि आतला दाब टिकतो का ते बघायचं. कुकरच की! तेव्हा एक मिलिमीटरचं भोक पकडलं तरी पुरे होतं. २००० नंतर हळूहळू अर्ध्या मिलिमीटरचं पकडणं भाग झालं. म्हणजे बारीक सुईने पाडावं एवढं. आता सांगा, एवढ्या मोठ्या गाडीत ते डोळ्यांना दिसणार कसं?

सुरुवात झाकणापासूनच करायची. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला रबरी रिंग असते, ती कडक होते, तडकते, कधी तिच्यात कचरा अडकतो. मी वीस डॉलरचं नवं झाकण आणलं, टक्‌टक्‌ आवाज होईपर्यंत फिरवलं. पण दिवा तस्साच. इथे उतावीळपणा कामाचा नाही. गाडी ही परीक्षा रोज घेत नाही. ती रात्रभर उभी असायला हवी, टाकी गच्च भरलेली नको आणि रिकामीही नको, हवाही बेताची हवी. मी दोन आठवडे वाट पाहिली.

पुढचा संशय इंजिनाजवळच्या व्हॉल्व्हवर. तो उघडा राहू लागला, तर पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. आमची करत नव्हती. मागचा, हवा घेणारा व्हॉल्व्ह धुळीने अडकतो, आणि कोळ्यांनीसुद्धा, बरं का! पेट्रोलच्या वासाला भुलून कोळी त्या नळीत जाळी विणत होते म्हणून माझ्दा कंपनीने २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये हजारो गाड्या परत बोलावल्या. आमच्या गाडीत कोळीही नव्हता.

शेवटी नुसती धूर-तपासणी करून देणारं दुसरं गॅरेज शोधलं. एकशेचाळीस डॉलर पडले. यंत्रात खनिज तेलाचा धूर करून तो नळ्यांत सोडतात, तोही अगदी हलक्या दाबाने. टायरमधल्या हवेच्या पन्नासाव्या हिश्शाहून कमी, नाहीतर चांगले सांधेच फाटायचे. मेकॅनिक बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला आणि पाच मिनिटांत म्हणाला, ‘या, बघा.’ डब्याच्या वरच्या रबरी नळीच्या कोपऱ्यातून उदबत्तीसारखी एक रेघ निघत होती. नळी बावीस डॉलरची! डबा ठणठणीत होता.

(उदबत्तीवरून आठवलं. हा प्रयोग घरी धूप किंवा सिगारेटचा धूर सोडून कुणी करू नये. आत पेट्रोलची वाफ आहे, भडका उडेल.)

‘संकेत पुसून टाक आणि लगेच तपासणीला जा,’ असा सल्ला एका मैत्रिणीने दिला. पण पुसलं की गाडीने आधी घेतलेल्या परीक्षांची नोंदही पुसली जाते आणि तपासणीत ते कळतं. शिवाय २०१० आणि नंतरच्या गाड्यांत एक कायमचा संकेतही असतो. तो हाताने पुसता येत नाही, दुरुस्तीची खात्री पटल्यावर गाडीच पुसते. जुलै २०१९ पासून इथे तोही बघतात. तेव्हा मी अर्ध्या टाकीने रोज सकाळी शाळेत गेले. अकराव्या दिवशी दिवा आपण होऊन विझला आणि त्याच शुक्रवारी गाडी पास झाली.

एक गोष्ट मात्र पुण्या-नाशिकच्या गाड्यांनाही लागू आहे, कारण तिथल्या पेट्रोल गाड्यांतही हा कोळशाचा डबा असतोच. पंपावर खटका पडला की थांबायचं. पैशांचा आकडा गोल करायला आणखी पेट्रोल ओतलं, तर ते डब्यात उतरून कोळसा भिजतो, आणि मग खरोखरच डबा बदलावा लागतो. आमचे हे अजूनही खटक्यानंतर दोनदा दाबतात. मी शेजारी बसलेली असले, तर खोकते.