प्रश्न सोडता येणं हीसुद्धा तयारीच

एनडीएची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना मी एकच विचारतो : प्रश्न सोडून द्यायला शिकवलंत का?

गणिताच्या पेपरात १२० प्रश्न, १५० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला ७५ सेकंद. बरोबर उत्तराला २.५ गुण, चुकीला ०.८३ वजा. चार पर्यायांत नुसतं ठोकून दिलं, तर सरासरी हाती जवळपास शून्य. दोन पर्याय नक्की खोडता आले, तर मात्र उत्तर द्यावं. तिथे फायदा आहे.

म्हणून सराव पेपरात प्रत्येक उत्तरापुढे खूण करायला सांगा : खात्री, शंका की अंदाज. नंतर गुण विचारू नका, खुणा बघा. खात्री वाटूनही चुकलेले प्रश्न आधी घ्या. तेव्हा रागावलात, तर पुढच्या वेळी खूणच खोटी होईल.