'द्राकुल' हे नाम आणि ब्रानचा किल्ला

रुमानियातील ब्राशोव नगराच्या नैर्ऋत्येस, एका खिंडीच्या मुखाशी ब्रानचा किल्ला उभा आहे. 'ड्रॅक्युलाचा किल्ला' म्हणून त्याची जाहिरात होते आणि रक्तपिपासू पिशाचाचे निवासस्थान पाहण्याच्या अपेक्षेने असंख्य प्रवासी तेथे येतात. या प्रसिद्धीला किल्ल्याच्या इतिहासात आधार नाही. तिचे मूळ एका विशेषनामाच्या अर्थान्तरात शोधावे लागते.

लॅटिनमधील 'द्राको' म्हणजे महासर्प. ख्रिस्ती प्रतीकसृष्टीत महासर्प हे सैतानाचे रूप मानले गेल्यामुळे त्यापासून आलेल्या 'द्राक' या रुमानियन शब्दास 'सैतान' हा अर्थ प्राप्त झाला. या भाषेत निश्चयवाचक उपपद, मराठीतील विभक्तिप्रत्ययाप्रमाणे, नामाच्या अंती जोडले जाते. म्हणून 'द्राक'चे 'द्राकुल' होते. वालाचियाचा दुसरा व्लाद १४३१ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंड याच्या ड्रॅगन-संघात दाखल झाला व 'द्राकुल' म्हणवला जाऊ लागला. त्याचा मुलगा तिसरा व्लाद हा 'द्राकुलेआ', म्हणजे द्राकुलचा पुत्र. शत्रूंना सुळावर चढविणारा म्हणून तो कुप्रसिद्ध झाला हे खरे. परंतु मृत्यूनंतर तो पिशाच झाल्याची कथा त्याच्या काळच्या साधनांत आढळत नाही.

ब्रॅम स्टोकर याने १८९० मध्ये व्हिट्बी येथे विल्यम विल्किन्सनचा १८२० मधील ग्रंथ वाचला. 'ड्रॅक्युला' म्हणजे वालाचियाच्या भाषेत सैतान, असे तेथील तळटीपेत सांगितले होते. पितृवाचक प्रत्यय व ड्रॅगन-संघ यांचा तीत मागमूस नव्हता. स्टोकरने आपल्या नायकासाठी योजिलेले 'व्हॅम्पायर' हे नाव सोडून हे नाव स्वीकारले, आणि १८९७ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली. तो रुमानियात कधीच गेला नव्हता. कादंबरीतील किल्ला त्याने ईशान्येकडील बोर्गो खिंडीजवळ कल्पिला आहे. ब्रान आग्नेय ट्रान्सिल्व्हानियात आहे.

ब्रानचा स्वतःचा इतिहास निराळा आहे. हंगेरीचा राजा पहिला लायोश याने १३७७ मध्ये ब्राशोवच्या सॅक्सन नागरिकांना स्वखर्चाने किल्ला बांधण्याची अनुज्ञा दिली. ट्रान्सिल्व्हानिया व वालाचिया यांमधील मार्गाचे रक्षण आणि जकातवसुली ही त्याची मुख्य कार्ये होती. तिसऱ्या व्लादकडे त्याचा ताबा कधीच नव्हता. त्याचे नाव ज्याच्याशी निगडित आहे तो पोएनारीचा किल्ला आर्जेश नदीच्या खोऱ्यात आहे. १९२० मध्ये ब्राशोव नगराने ब्रान राणी मारीस अर्पण केला. १९४८ मध्ये तो शासनाने घेतला, १९५६ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले आणि २००६ मध्ये तो राणीच्या वारसांना परत देण्यात आला.

या आख्यायिकेमुळे स्थानिक लोकश्रद्धाही झाकली जाते. परत येणाऱ्या मृतासाठी रुमानियन लोकभाषेत 'स्त्रिगोय' हा लॅटिन मूळ असलेला शब्द आहे. 'व्हॅम्पायर' हा मात्र अठराव्या शतकात सर्बियातील वृत्तांतांमधून पश्चिम युरोपात रूढ झाला. ब्रान पाहणाऱ्याने म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ठेवावयास हव्यात: सीमेवरील जकातीचा किल्ला, वालाचियाचा राजा आणि इंग्रजी कादंबरीतील पात्र. त्यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या गोष्टीस नामसाम्याने जोडले आहे. पहिलीशी दोहोंचा संबंध जाहिरातीने घडविला आहे.