पायाखालची फळी

मूल वाढत्या अंगाचे आहे, तेव्हा सदरा चार बोटे मोठाच शिवावा आणि बूटही एक नंबर मोठाच घ्यावा, असा आपल्याकडील संसारी शहाणपणाचा दंडक आहे. सदऱ्याच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. बाह्या दुमडता येतात. परंतु हाच दंडक स्केटबोर्डला लावला, तर पैसा आणि मुलाची हौस अशी दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून चाकांवर बसविलेल्या या फळीचे माप कसे ठरवावे, याचा आज थोडा विचार करू.

हा खेळ आपल्याला आता अगदीच परका राहिलेला नाही. समुद्राला लाटा नसतील त्या दिवशीही लाटेवर स्वार होण्याची मौज लुटता यावी, म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील तरुणांनी १९५० नंतरच्या दशकात फळीला चाके लावली. पुढे २०२१ मध्ये टोकियो येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथमच स्थान मिळाले, आणि मुलींच्या एका प्रकारात सुवर्ण व रौप्य ही दोन्ही पदके तेरा-तेरा वर्षांच्या मुलींनी पटकावली. आपल्याकडे चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम व महाबलीपुरम या किनाऱ्यावरील गावांत लाटांवरचा खेळ रुजला आणि त्याच्या जोडीने स्केटबोर्डही आला. महाबलीपुरमच्या कोळीवस्तीतील कमली या लहान मुलीवर २०१९ साली तिच्याच नावाचा लघुपट निघाला, आणि ब्रिटनमधील बाफ्टा पारितोषिकासाठी त्याला नामांकनही मिळाले. तेव्हा ‘आम्हालाही अशी फळी हवी’ असा हट्ट चेन्नईतल्या काय किंवा पुण्या-नागपुरातल्या काय, कोणत्याही घरात ऐकू येणे आता नवल नव्हे.

दुकानात गेलेला पालक बहुधा प्रथम लांबी पाहतो. वस्तुतः पाहावयाची असते ती रुंदी. याचे कारण फळी वळते कशी, हे ध्यानात घेतले म्हणजे कळते. फळीच्या खाली पुढे आणि मागे धातूचे एकेक जोडकाम असते. त्याला ‘ट्रक’ म्हणतात. त्यात चाकांचा आस आणि रबरासारखे मऊ ठोकळे बसविलेले असतात. स्वार फळीवर आडवी पावले टाकून उभा राहतो. त्याने बोटांवर भार दिला की फळी त्या बाजूला कलते, ठोकळा दबतो, आस तिरका होतो आणि फळी वळते. टाचेवर भार दिला की ती उलट बाजूला वळते. म्हणजे बोटे एका कडेजवळ आणि टाच दुसऱ्या कडेजवळ पोहोचली पाहिजे. फळी फार रुंद असेल तर लहान पाऊल मधोमध राहते. मूल अंग वाकवून जोर लावते, तरी फळी सरळच जाते. उलट ती फार अरुंद असेल तर बोटे व टाच बाहेर लोंबतात आणि फळी जरा भार पडताच डगमगते. दोन्ही प्रकारांत पडणे वाढते. आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ अशी मुलाची समजूत होते. दोष मापाचा असतो, पण तो ते मूल आपल्या अंगी लावून घेते.

मूर्तिकलेत मूर्तीची मापे बाहेरच्या गजाने न ठरविता तिच्याच चेहऱ्याच्या लांबीवरून, म्हणजे ‘ताल’ या मानाने, ठरविण्याची परंपरा आहे. महाबलीपुरमच्या शिल्पकारांना ती चांगली ठाऊक आहे. फळीचेही तसेच समजावे. मुलाचे पाऊल कागदावर ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंतचे अंतर मोजावे. पाऊल १८ ते २० सेंटिमीटर असेल, तर ७ ते साडेसात इंच, म्हणजे सुमारे १८ ते १९ सेंटिमीटर रुंदीची फळी ठीक. प्रौढ माणसाला सामान्यतः ८ ते साडेआठ इंच रुंदी लागते. त्यातही रस्त्यावर फळी उडवून कसरती करणाऱ्याला किंचित अरुंद, तर खोलगट कुंडात वेगाने चढउतार करणाऱ्याला रुंद फळी सोयीची पडते. लांबी बहुधा रुंदीच्या मागोमाग येते : मुलांसाठी २८ ते ३० इंच, मोठ्यांसाठी ३१ ते ३२ इंच.

आता वाढत्या अंगाचा प्रश्न. फळी ही मुळी झिजणारी वस्तू आहे. ती मेपल लाकडाचे सात पातळ थर चिकटवून केलेली असते. थांबताना तिचे शेपूट जमिनीवर घासते आणि झिजते. ओल लागली की थर फुगून सुटू लागतात. चेन्नईसारख्या खाऱ्या, दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसाळ्यात, तिला फार जपावे लागते. म्हणजे पाऊल मोठे होईपर्यंत मोठी फळी जपून ठेवू म्हटले, तरी तोवर ती बहुधा निकामी झालेली असते. याउलट ट्रक अनेक वर्षे टिकतात. त्यांच्या आसाची लांबी फळीच्या रुंदीशी मिळती असावी. पाव इंचाचा फरक चालतो. यामुळे साडेसात इंची फळी झिजल्यावर तेच ट्रक पावणेआठ इंची फळीला लावता येतात. काटकसर करावयाची ती येथे करावी, आणि वाचलेल्या पैशांतून शिरस्त्राण घ्यावे.

विकत घेण्यापूर्वी मुलाला फळीवर दोन्ही ट्रकच्या वर आडवी पावले ठेवून उभे करावे, गुडघे वाकवावयास सांगावे आणि आळीपाळीने बोटांवर व टाचांवर झुकू द्यावे. फळी सहज कलली, तर माप बरोबर आहे असे समजावे. पुढच्या वर्षी पाऊल किती वाढेल, याचा विचार पुढच्या वर्षीच्या फळीसाठी राखून ठेवावा.