फाल्गुन-चैत्रातला गळ

इंग्रजी पुस्तकं वाचून गळ हाती घेतलेल्या माणसाची आपल्याकडे पहिली फसगत वसंतात होते. तिकडे तेव्हा गारठलेलं पाणी ऊब धरू लागतं, मासे उन्हासाठी उथळ काठाला येतात आणि भर दुपारीही हाती लागतात. आपल्या फाल्गुन-चैत्रात नेमकं उलटं. नद्या आटतात, धरणं खाली जातात, पाणी तापतं, आणि तापल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. म्हणून या दिवसांत मासा सावलीला आणि हलत्या पाण्याला धरून असतो. रॉड, रीळ, तंगूस यांच्यावर हवी तितकी चर्चा करावी, पण आधी पाणी कुठे हलतंय ते पाहावं.

खाडीत ते चंद्र हलवतो. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपास हा आडाखा बऱ्यापैकी जुळतो. रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते, आणि कुठल्याही खाडीत आत जावं तशी उशिरा. वेळेइतकाच पाण्याचा जोर महत्त्वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं, गोव्यात साधारण त्याच्या निम्मं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा दोन्हीकडे पाणी मंद. उत्तरेकडच्या खाड्यांत उधाणाला इतका गाळ उठतो की माशाला आमिष दिसत नाही आणि शिसं तळाला ठरत नाही. ठाणे-रायगडात मी उधाण ओसरू लागल्यावरचे दिवस निवडीन, सिंधुदुर्गात खुद्द उधाणाचे.

खरी वेळ ओहोटीची. भरतीला कांदळवनात शिरलेली कोळंबी आणि बोईची पिल्लं पाणी उतरू लागलं की वहाळांतून बाहेर पडतात, आणि वहाळाच्या तोंडाशी जिताडा नि तांबोशी वाट पाहत असतात. जिवंत कोळंबीसारखं आमिष नाही. डोक्यावरच्या काट्याखालून, आतला काळा ठिपका चुकवून गरी ओवली तर ती बराच वेळ तग धरते. आमिष माशाच्या डोक्यावर टाकू नये. प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडावं आणि पाण्यालाच ते नेऊ द्यावं. तांबोशी आमिष घेते तीच मुळांत घुसण्यासाठी. पहिल्या झटक्यात तिला बाहेर ओढलं नाही, तर मुळांवरच्या कालवांच्या धारेवर तंगूस कापला जातो आणि प्रकरण संपतं.

जिताड्याची गोष्ट वेगळी. तो वाढतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मादी होतो. मोठा जिताडा म्हणजे बहुधा मादी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर ती अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे निघते. एप्रिल-मेमध्ये असा मासा लागला तर सोडून द्यावा, असं माझं मत. अलिबाग-पेणच्या खारेपाटात घराशेजारच्या तळ्यांत जिताडा वाढवतात, त्याचं बीजही पूर्वापार खाडीतूनच आलं.

उन्हाळ्यात कोकणातल्या बहुतेक नद्यांची धार बारीक होते आणि खारं पाणी आत सरकतं. वाशिष्ठी याला अपवाद. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीच्या बाजूला उतरतं, वीज देऊन चिपळूणच्या नदीला मिळतं. मुळशीचं पाणी तसंच भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत येतं. या दोन नद्यांवर नुसती तिथी मोजून भागत नाही. वीजघरातून पाणी कधी सुटतं तेही विचारावं लागतं. गोडं आणि खारं जिथे भेटतं ती रेघ त्याप्रमाणे वर-खाली सरकते, आणि गळ त्या रेघेच्या आसपास हवा. चिपळूणला मात्र पाण्यात पाय सोडून बसू नये, वाशिष्ठीत मगरी आहेत.

घाटावर धरणाचं पाणी उतरलं की तळ उघडा पडतो. तो पायी फिरून पाहण्यासारखा असतो: जुनं नदीपात्र, बुडालेले बांध, झाडांचे खुंट. दिवाळीत हे सगळं पाण्याखाली असतं. पण आधीच्या मे महिन्यात ज्याने ते पाहून ठेवलं, त्याला तेव्हा गळ कुठे टाकायचा हे विचारावं लागत नाही. रोहू-कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड पिठात मळून पहाटे किंवा रात्री बसावं. दुपारी एकच मासा भरवशाचा: मरळ. तो वर येऊन हवेतून श्वास घेतो, त्यामुळे प्राणवायू कमी झालेल्या शेवाळी पाण्यातही त्याची शिकार चालू असते. पाणवनस्पतींवरून रबरी बेडूक उड्या मारत आणला की खालून फटका बसतो. तेव्हा लगेच ओढू नये, बेडूक तोंडात नीट जाऊ द्यावा. बऱ्याच जलाशयांतला मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो, म्हणून आधी परवानगी घ्यावी.

महाशीराला या दिवसांत हात लावू नये. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये दख्खनच्या महाशीराचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज तिथे तो शोधून सापडायचा नाही. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी त्याची पैदास केली, आणि महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून गावाने त्यांना राखलं. ‘पकडून सोडतो’ हे समर्थन एप्रिलच्या पाण्यात लंगडं पडतं: लढून दमलेल्या माशाला सावरायला लागणारा प्राणवायूच तिथे अपुरा असतो.

उरला खडकावरचा गळ. सकाळी जमिनीवरून मतलई वाहते तोवर समुद्र निवळ असतो. मुडदुशी, गोबरा यांच्यासाठी तेव्हा तंगूस बारीक ठेवावा. दुपारी वायव्येचा वारा उठला की सामान आवरावं. शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि मग डॉक्टर गाठावा. १ जूनपासून यांत्रिक बोटींची बंदी सुरू होते, पण समुद्र त्याआधीच फुगू लागतो. मेच्या उत्तरार्धात खडकावर उतरण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून पाहावं. बसायची जागा ओली दिसली, तर लाट तिथवर येते.