जुनी गाणी, नवे कान

पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ या काळात गीतरामायणाची ५६ गाणी प्रसारित झाली. आज एखादा आठवीतला मुलगा त्यातले गाणे गुणगुणतो, तेव्हा नवल वाटते. त्या काळाच्या आठवणी त्याला असणे शक्यच नाही. मग गाणे आवडते कसे?

‘जुने ते सोने’ हे उत्तर अर्धेच आहे. त्या वर्षी रेडिओवर इतरही कितीतरी गाणी वाजली. बहुतेक विस्मरणात गेली. काळाच्या चाळणीतून उरलेलीच आपण आजच्या सगळ्या गाण्यांशी ताडून पाहतो. ही तुलना न्याय्य नव्हे.

उरलेला अर्धा भाग घरात सापडतो. अमेरिकेत कॅरल क्रमहान्सल व जस्टिन झुपनिक यांनी ६२ तरुणांना १९५५ ते २००९ मधील, दर वर्षीची दोन गाजलेली गाणी ऐकवली. अलीकडच्या गाण्यांशी त्यांच्या आठवणी जास्त जुळल्या, हे अपेक्षितच होते. पण १९८० नंतरच्या काही वर्षांतील गाण्यांनाही पसंती वाढलेली दिसली. तेव्हा त्यांचे आई-वडील विशीत होते! १९६०च्या दशकापाशी आणखी एक लहान उंचवटा होता. तो कदाचित आजी-आजोबांचा. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

तारुण्यात ऐकलेले गाणे माणूस जन्मभर लावतो आणि मुलांच्या कानांवर ते आपोआप पडते. वारंवार समोर आलेली गोष्ट आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते. आता मात्र एकाच घरात चौघांच्या कानांत चार इयरफोन असतात. ही साखळी त्यामुळे तुटेल का, हे पाहण्यासारखे आहे.

शेंद्र्यासारख्या औद्योगिक वसाहतीजवळच्या शाळेत याचा पडताळा घेता येईल. तेथे निरनिराळ्या जिल्ह्यांतून, परप्रांतांतूनही आलेल्या कामगारांची मुले एका बाकावर बसतात. घरची जुनी गाणी मात्र वेगळी. नाव न सांगता पाच जुनी गाणी वीस-वीस सेकंद वाजवा. ‘आवडले का? पूर्वी ऐकले का? कोठे?’ याची उत्तरे चिठ्ठीवर घ्या. (हात वर करायला सांगू नका, शेजाऱ्याचे पाहून हात वर होतात.) घरी न ऐकलेल्यांनाही एखादे गाणे तितकेच आवडले, तर श्रेय चालीकडे जाते. मग कोणालाच ठाऊक नसलेले एक जुने गाणे महिनाभर मधल्या सुट्टीत वाजवा आणि पुन्हा चिठ्ठ्या घ्या.